शेजाऱ्याला सौर वीज विकायची, पण मीटरचा आकडा कुणाकुणाला दाखवायचा?

गेल्या गणपतीत आम्ही दहा दिवस देवरुखला होतो. परत आल्यावर मेन स्विचजवळ हौसेने बसवलेल्या मीटरचा पंधरा-पंधरा मिनिटांचा आलेख उघडला. निघालो त्या पहाटे गिझरचा उंच सुळका होता. पुढे दहा दिवस फक्त फ्रीजच्या बारीक लाटा. अकराव्या रात्री पंखे, एसी, दिवे, सगळं एकदम वर. आमच्या दाराला कुलूप कधी लागलं आणि कधी निघालं, हे कुणालाही घड्याळ लावून सांगता आलं असतं.

आता आमच्या मुलुंडच्या सोसायटीपुढे प्रस्ताव आहे: गच्चीवरची जास्तीची वीज एका फ्लॅटने दुसऱ्याला विकायची आणि हिशेब ब्लॉकचेनवर ठेवायचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या, मागचं खोडता न येणाऱ्या डिजिटल वहीत. कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ साली शेजाऱ्यांनी अशी विक्री करून पाहिली आहे, आपल्याकडे लखनौ आणि दिल्लीतही प्रायोगिक प्रकल्प झाले आहेत. कमिटीत चर्चा मात्र युनिटमागे किती सुटणार एवढ्यावरच थांबते. पंधरा मिनिटांचं एक रीडिंग धरलं, तर दिवसाला ९६ आणि महिन्याला २,८८० आकडे प्रत्येक घरातून बाहेर जाणार. ते कुठे जाऊन पडतात, यावर मी चार पर्याय ताडून पाहिले.

एक गोष्ट आधी. सौर वीज फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी असेल, किंवा फायदा सगळ्यांना सारखा वाटायचा असेल, तर ब्लॉकचेनची गरजच नाही. कॉमन मीटर आणि नेट मीटरिंग (घेतलेल्या विजेतून दिलेली वजा करून बिल) पुरतं, कुणाच्या घरातलं रीडिंग मागावं लागत नाही. खाली लिहिलंय ते फ्लॅट-ते-फ्लॅट विक्री खरोखरच करायची आहे त्यांच्यासाठी.

पहिला पर्याय म्हणजे सार्वजनिक ब्लॉकचेन, कुणालाही वाचता येणारी. नावाऐवजी अक्षर-आकड्यांचा लांबलचक पत्ता असतो, त्यामुळे ‘नाव कुठेच दिसत नाही’ असं सांगितलं जातं. अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीत या टोपणनावाला काही अर्थ नाही. गणपतीत ज्या पत्त्याचा वापर तळाला गेला ते घर कोकणातलं, रोज रात्री तीनला ज्याचा दिवा लागतो ते घर नाइट शिफ्टवाल्यांचं. वॉचमनलाही ओळखता येईल. एकदा पत्ता कळला की मागचे सगळे महिनेही उघडे. शिवाय तिथलं काही खोडता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. न पुसता येणाऱ्या वहीत रीडिंग टाकायचं आणि तो हक्कही पाळायचा, हे जमणार कसं? माझ्या मते हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद करावा.

दुसरा पर्याय बंदिस्त ब्लॉकचेनचा, म्हणजे परवानगी असलेल्यांनाच उघडणाऱ्या साखळीचा. रीडिंग बाहेरच्या साध्या डेटाबेसमध्ये राहतं आणि साखळीवर फक्त त्याचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी खूण, जाते. आकडा बदलला की खूण जुळत नाही, म्हणून लबाडी पकडता येते. आणि माहिती पुसायची झाली तर डेटाबेसमधून पुसता येते. हे चांगलंच आहे, पण यात एक खड्डा आहे आणि तो मी कागदावर करून पाहिला. पाच किलोवॉट मंजूर भाराच्या फ्लॅटमध्ये पंधरा मिनिटांत जास्तीत जास्त सव्वा युनिट जळेल. दोन दशांशांपर्यंत मोजलं तर ०.०० पासून १.२५ पर्यंत शक्य आकडे अवघे १२६. फ्लॅट आणि वेळ माहीत असेल, तर १२६ हॅश काढून कुठला जुळतो ते बघायला साध्या मोबाइललाही क्षणभर पुरे. खुणेवरून मूळ आकडा सापडत नाही असं म्हणतात, इथे लगेच सापडतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक रीडिंगला एक लांब, गुप्त, दरवेळी वेगळा आकडा जोडून मग हॅश काढायचा. नंतर रीडिंगसोबत तो गुप्त आकडाही पुसला की साखळीवरच्या खुणेतून काही निघत नाही. ही यंत्रणा पुरवणाऱ्या वेंडरला नेमकं हेच विचारा. एक गोष्ट तरीही उरते: डेटाबेस ज्याच्या हातात, त्याला सगळं दिसतं.

तिसऱ्या पर्यायात त्यालाही एकेका घराचा आकडा दिसत नाही. समजा पंधरा मिनिटांचा माझा आकडा ८ आणि शेजारच्या काकूंचा ५. आमच्या मीटरांनी आपसात ३७ हा गुप्त आकडा ठरवला. माझं मीटर त्यात मिळवून ४५ पाठवतं, काकूंचं वजा करून उणे ३२. बेरीज १३, अगदी खरी. पण ४५ वरून माझ्या घरात काय चाललंय ते कुणी सांगू शकणार नाही. अठ्ठेचाळीस फ्लॅटमध्ये अशा जोड्या केल्या की सोसायटीला एकूण मागणी कळते, घर कळत नाही. अडचणी दोन. जुलैच्या पावसात एखाद्या मीटरचं नेटवर्क गेलं तर त्या वेळची अख्खी बेरीज बिघडते, त्याची तजवीज आधीच करावी लागते. आणि बिलासाठी प्रत्येक फ्लॅटची महिन्याची बेरीज वेगळी द्यावीच लागते. दर तासागणिक बदलणार असेल तर ही युक्ती एकटी पुरत नाही.

तिथे चौथा पर्याय येतो, शून्य-ज्ञान पुराव्याचा. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडलेली कल्पना. माझे २,८८० आकडे आणि त्या त्या वेळचे दर यांतून इतक्या रुपयांचं बिल येतं, हे एकही आकडा न दाखवता सिद्ध करता येतं. मीटरने प्रत्येक रीडिंगवर डिजिटल सही केलेली हवी, नाहीतर खोट्या आकड्यांचाही पुरावा बनेल. गुप्ततेत याला तोड नाही. पण त्याची तपासणी आपल्या सोसायटीच्या ऑडिटरच्या आवाक्यातली नाही आणि तज्ज्ञाची फी अठ्ठेचाळीस घरांत जड जाते. मोठ्या वसाहतीला परवडू शकेल. (घरात बॅटरी ठेवून आलेखच सपाट करायची युक्तीही आहे, पण मुंबईच्या वन-बीएचकेत बॅटरी ठेवणार कुठे?)

यातल्या कशानेही वीज कंपनीपासून काही लपत नाही. तिचं मीटर तिचं रीडिंग घेतच राहतं. लपवायचं आहे ते वेंडर, शेजारी आणि तिऱ्हाइतापासून. ही भीती उगाच घेतलेली नाही. विजेच्या आलेखावरून उपकरणं ओळखायची पद्धत एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच बसवली होती, आणि नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती खासगीपणाच्या मुद्द्यावर अडवली.

पन्नासएक फ्लॅटच्या सोसायटीला माझा कौल दुसऱ्या पर्यायाला, तोही महिनाभर एकच दर ठेवून. मीटर पंधरा मिनिटांचे आकडे घरातच ठेवेल आणि महिन्याला फ्लॅटमागे दोनच आकडे बाहेर देईल: किती घेतली, किती दिली. इतकं केलं तर गणपतीतलं कुलूप दिसत नाही, फार तर भाद्रपदाचं बिल थोडं कमी दिसेल. आमच्या करारात मी तीन ओळी घालायला सांगितल्या आहेत: पंधरा मिनिटांचं रीडिंग फ्लॅटबाहेर जाणार नाही, हॅशला दरवेळी नवा गुप्त आकडा जोडला जाईल, आणि फ्लॅट विकला की जुन्या मालकाचं रीडिंग तीस दिवसांत पुसलं जाईल. वेंडरने पहिल्या दोन ओळी मान्य केल्या आहेत. तिसरीवर उत्तर येईपर्यंत सेक्रेटरींनी सही करू नये, असं मी लेखी दिलं आहे.