अठरानंतरचं काम: कागदावरची टेस्ट, कार्यशाळा की थेट कामाची जागा?

स्पेशल शाळेतलं मूल अठराचं झालं की शाळा सांगते आता पुढचं बघा, आणि त्या दिवसापासून घरात एकच विषय, हा काही काम करू शकेल का आणि ते नक्की सांगणार कोण. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही तिन्ही रस्ते चालून आलोय. टेबलाशी बसवून घेतलेली टेस्ट, मग अशा मुलांना हाताची कामं देणाऱ्या कार्यशाळेतलं तीन आठवड्यांचं असेसमेंट, आणि शेवटी एका बेकरीत खरंखुरं काम करताना बघणं. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, सर्टिफिकेटवर 75 टक्के. ज्यांना या तिन्हीपैकी कुठे वेळ आणि पैसा घालायचा हे ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोंधळ काढून टाका. सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारं सर्टिफिकेट आणि त्यावरची टक्केवारी म्हणजे कामाचं असेसमेंट नाही. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे बौद्धिक अक्षमतेत आयक्यू आणि सोशल मॅच्युरिटीची, म्हणजे रोजचं स्वतःचं स्वतः किती जमतं याची, चाचणी बघतात आणि त्यावरून गट ठरतो, सौम्य असेल तर 50 टक्के, मध्यम 75, तीव्र 90, अतितीव्र 100. म्हणजे 75 हा आकडा कोणी माझ्या भावाला मोजून दिलेला नाही, मध्यम गटातल्या सगळ्यांना तोच मिळतो. त्याच्या वर्गातल्या एका मुलीलाही 75 च आहेत, ती एकटी पीएमटीने जाते आणि अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलते, माझा भाऊ बसचं नाव काढलं तरी घाबरतो पण हाताने तिच्या दुप्पट नेटकं काम करतो. आकडा दोघांचा सारखा, नोकरीत लागणारी मदत पूर्ण वेगळी.

तरी कागद आधी कराच, टाळू नका. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत आणि आरक्षणासाठी किमान 40 टक्के लागतात. सरकारी जागांत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांग अशा सगळ्यांना मिळून. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर पुढे कुठलीही योजना, कुठलंही ट्रेनिंग असो, पहिल्या खिडकीवरूनच परत पाठवतात. रांगेत एक-दोन दिवस जातात, जाऊ देत.

पण आम्ही त्यापुढे एक चूक केली. सर्टिफिकेट झाल्यावर "नोकरीच्या दृष्टीने बघून घेऊ" म्हणून एका ठिकाणी पैसे भरून टेस्ट करून घेतली. बंद खोली, समोर अनोळखी मॅडम, ठोकळे, चित्रं, आकडे, पाऊण तास. रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ होती, खुल्या, म्हणजे बाहेरच्या नेहमीच्या, नोकरीसाठी अयोग्य. बस एवढंच. कुठल्या कामासाठी अयोग्य, काय मदत दिली तर योग्य, एक अक्षर नाही. आईने तो कागद कपाटात ठेवला आणि दीड वर्ष आम्ही काहीच केलं नाही, कारण लिहून दिलं होतं ना. ते दीड वर्ष तो घरी टीव्हीसमोर बसून होता, त्याचं वजन वाढलं, शाळेत लागलेली पहाटे उठायची सवय गेली. मला त्या टेस्टपेक्षा त्या एका ओळीचा राग येतो अजून.

त्या टेस्टचा उपयोग अजिबात झाला नाही असं मात्र नाही. त्यातच कळलं की त्याला दोन सूचना एका दमात दिल्या की दुसरी राहून जाते, आणि ही गोष्ट पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला आली. टेबलावरची टेस्ट असल्या गोष्टी चांगल्या पकडते, लक्ष किती टिकतं, वाचता किती येतं, आकडे कुठपर्यंत समजतात. फक्त त्यावरून नोकरी जमेल की नाही हे ठरवायला देऊ नका कोणाला.

दुसरा रस्ता कार्यशाळा. महाराष्ट्रात अठरानंतरच्या मुलांसाठी बऱ्याच शहरांत अशा कार्यशाळा आहेत, काही शाळेलाच जोडलेल्या. तिथे चांगल्या बाई भेटल्या तर असेसमेंट एकदम वेगळं होतं. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था, जिला आधी एनआयएमएच म्हणायचे आणि आता एनआयईपीआयडी म्हणतात, तिने बौद्धिक अक्षमतेसाठी व्होकेशनल, म्हणजे कामाच्या, असेसमेंटची पद्धत बनवलेली आहे, स्पेशल टीचरना ती माहीत असते. आमच्या बाईंनी कामाकडे जायच्या आधी कुठल्याही नोकरीत लागणाऱ्या गोष्टी बघितल्या, वेळ कळते का, पैसे ओळखतो का, स्वतःहून बाथरूमला जातो का, डबा उघडून खाऊन परत भरतो का, दुखलं खुपलं सांगतो का. मग पाकिटं चिकटवणं, कागदी पिशव्या, दिवाळीच्या पणत्या रंगवणं, फराळाचं पॅकिंग, असं एकेक करायला देऊन तीन आठवडे नोंद ठेवली. सकाळी हात भराभर चालतो आणि जेवणानंतर मंदावतो, ओल्या डिंकाला हात लावायला नको म्हणतो, मोजलेल्या गोष्टी ओळीत लावायला आवडतात. पाऊण तासात हे दिसणं शक्यच नव्हतं.

मुंबईत सायनला केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं करिअर सेंटर आहे, जुनी माणसं त्याला व्हीआरसी म्हणतात, 1968 मध्ये मुंबई आणि हैदराबादला अशी पहिली दोन केंद्रं सुरू झाली. तिथे मानसशास्त्रीय तपासणीबरोबर वर्कशॉपमध्ये हाताने काम करायला देऊन बघतात. सरकारी आहे, त्यामुळे खर्चाची भीती नको, मुंबई-ठाण्याकडच्यांनी नक्की विचारावं.

कार्यशाळेच्या रस्त्यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे तिथे जे काम उपलब्ध तेच मुलाचं कौशल्य ठरतं, मेणबत्त्या करत असतील तर रिपोर्टमध्ये मेणबत्त्याच येणार, मग घराजवळ मेणबत्तीचा एकही धंदा नसला तरी. दुसरा जास्त मोठा, "अजून तयार नाही" हे वाक्य. आधी हे शिकू दे, मग ते, मग बघू, असं करत लोकांची पाच-पाच वर्षं गेलेली मी बघितलीत, आणि पाकीट चिकटवायचा वेग वाढवून बेकरीत काम करायची तयारी होत नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या माणसाने असल्याच कार्यशाळांमधल्या, ज्यांना काहीच जमणार नाही असं मानलं जायचं अशा लोकांना सायकलच्या ब्रेकचे 15 सुटे भाग जोडायला शिकवलं. कामाचे बारीक टप्पे पाडले आणि शिकवायची पद्धत बदलली, येत नसेल तर अजून वेगळ्या तऱ्हेने दाखवायचं. तेव्हापासून असेसमेंटचा प्रश्नच उलटा झाला, याला किती येतं यापेक्षा याला कसं शिकवलं तर येतं. तुमच्याकडच्या बाई असेसमेंट करताना मध्ये शिकवून बघतात का नुसत्या मार्क देतात, हे विचारून घ्या. मार्क देणाऱ्यांकडे तीन आठवडे घालवण्यात अर्थ नाही.

तिसरा रस्ता म्हणजे खरी जागा. याला सिच्युएशनल असेसमेंट म्हणतात, आणि बरोबर जो माणूस असतो तो जॉब कोच. आमच्याकडे एक संस्था जॉब कोच द्यायला तयार झाली, बेकरीवाले काका ओळखीतले होते, त्यांना सांगितलं की दोन आठवडे फक्त बघायचंय, पुढे ठेवायचं बंधन नाही. कोच आधी एक दिवस स्वतः तिथे टोस्टची पाकिटं भरत उभा राहिला आणि कामाचे टप्पे लिहून काढले, पिशवी घ्या, उघडा, काट्यावर ठेवा, भरा, काटा बघा, सील करा, क्रेटमध्ये लावा. मग भावाला उभं केलं आणि प्रत्येक टप्प्यापुढे खूण, स्वतः केलं, तोंडी सांगावं लागलं, करून दाखवावं लागलं, हात धरून करून घ्यावं लागलं.

त्या दोन आठवड्यांत जे दिसलं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं. पॅकिंग त्याला चौथ्या दिवशी येत होतं, अडला तो काट्यावरच्या आकड्याला, तर काकांच्याच मुलाने काट्याशेजारी मोठ्या अक्षरात 200 लिहून चिकटवलं, तो दोन्ही सारखे दिसेपर्यंत टोस्ट घालतो, संपला विषय. खरी अडचण जेवणाच्या सुट्टीत. बाकीची पोरं बाहेर जायची आणि सुट्टी संपली हे त्याला कळायचंच नाही, तो डब्यापाशी बसून राहायचा आणि काकांना वाटायचं कामचुकारपणा करतोय. आणि मिक्सर सुरू झाला की तो कानावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा. पॅकिंगचं टेबल आतल्या खोलीतून पुढे आणलं आणि सुट्टीनंतर हाक मारायचं काम एका मुलाला सांगितलं. कायद्यात याला वाजवी सुविधा म्हणतात, ऐकायला मोठं वाटतं पण आमच्याकडे तो एक कागद, एक टेबल आणि एक हाक एवढाच खर्च होता.

या रस्त्याची वाईट बाजू पण सांगते. जॉब कोच मिळणं कठीण, पुण्या-मुंबईबाहेर तर फारच. घरातलं कोणी कोच म्हणून उभं राहिलं तर मूल त्याच्याकडेच बघत राहतं, आम्ही करून बघितलंय, नाही जमत. मालक भला हवा. आणि मूल फिट येणारं असेल, अचानक पळत सुटणारं असेल किंवा गरम भट्टी, मशीनच्या जवळ काम असेल तर आधी डॉक्टरांशी आणि बाईंशी बोलल्याशिवाय थेट जागेवर नेऊ नका, तिथे कार्यशाळेत आधी बघणंच बरोबर.

समोरासमोर ठेवून बघायचं तर टेस्टला एक दिवस जातो आणि लक्ष, वाचन, आकडे कुठपर्यंत ते कळतं, कार्यशाळेला काही आठवडे जातात आणि सवयी-आवडी कळतात, जागेवर दोन आठवडे आणि तिसऱ्या माणसाचा पूर्ण वेळ जातो पण मदत नक्की कुठे लागणार ते कळतं. माझ्या मते बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असेल तर कागद पटकन उरकून, कार्यशाळेत जास्तीत जास्त महिनाभर, आणि सगळा जोर जागेवर. कोच मिळतच नसेल तर कार्यशाळेच्या बाईंनाच विनवा की दोन-चार दिवस दुकानात येऊन उभ्या राहा.

मानसिक आजार असेल तर मात्र महिनाभर कार्यशाळेतही घालवू नका. या आजारात सर्टिफिकेटसाठी आयडियाज नावाचं स्केल वापरतात, स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम अशा चार गोष्टी बघतात. नोकरीसाठी जगभर जी पद्धत जास्त चालली ती 1990 च्या दशकात अमेरिकेतून आली, तिला आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणतात, आणि तिचा नियम असा की ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला आधी लायकी सिद्ध करायला लावायची नाही, त्याच्या पसंतीचं काम लवकर शोधायचं आणि डॉक्टरांची टीम आणि नोकरीची मदत एकत्र चालू ठेवायची. दिसत नसेल, ऐकू येत नसेल, व्हीलचेअर असेल तर असेसमेंट माणसाइतकंच जागेचं व्हायला हवं, स्क्रीन रीडर चालतो का, रॅम्प आहे का, मीटिंगमध्ये सांकेतिक भाषेचं काय.

रिपोर्ट कोणाकडूनही घ्या, पण त्यात मदत मोजलेली हवी. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका संस्थेचं 2004 चं सपोर्ट इंटेन्सिटी स्केल आहे, त्यात प्रत्येक कृतीला तीन प्रश्न असतात, मदत किती वेळा लागते, दिवसात एकूण किती वेळ, आणि कसली, म्हणजे नुसतं लक्ष ठेवायचं, तोंडी आठवण करायची, थोडा हात लावायचा की पूर्ण करून द्यायचं. कामाच्या भागात सहकाऱ्यांशी वागणं, साहेबांशी वागणं, वेग, दर्जा, काम बदललं तर जुळवून घेणं आणि अडलं तर मदत मागणं हे पण येतं. स्केल विकत घ्यायची गरज नाही, हे तीन प्रश्न वहीत लिहा आणि जो कोणी असेसमेंट करेल त्याच्याकडून उत्तरं मागा.

भावाच्या वहीत पहिल्या आठवड्यात पॅकिंगसमोर "दिवसभर, तोंडी" होतं, तिसऱ्या महिन्यात "सकाळी एकदा, लक्ष ठेवणं" झालं. बससमोर अजूनही "रोज, पूर्ण" आहे, बाबा सोडतात आणि मी आणते, काट्यासमोर काहीच नाही. काका पुढच्या महिन्यात सीलिंगचं नवीन मशीन आणतायत, पायाने चालणारं, म्हणून कोचला परत दोन दिवसांसाठी बोलावलंय.