पहिलं पत्र खरं होतं: लंडनच्या नाट्यशिक्षणाच्या नावाखाली वाशीत झालेली फसवणूक

लंडनला नाटक शिकायला जायचं म्हणून आमच्या घरातून २ लाख ७५ हजार रुपये गेले. घेणारा माणूस वाशीतला, मराठी, नाटकवेडा. हे लिहिते आहे ते मुख्यतः ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईतल्या एकांकिका करणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी. इंजिनिअरिंगला किंवा एमबीएला बाहेर जायचं तर विचारायला दहा जण सापडतात, शेजारच्या विंगेतलं कुणीतरी गेलेलंच असतं. अभिनय शिकायला गेलेलं माणूस मात्र आपल्या ओळखीत बहुधा नसतं. त्यामुळे या बाबतीत कुणी काहीही सांगितलं तरी खपून जातं.

ऑफिस वाशी स्टेशनजवळच्या एका व्यापारी संकुलात. दारात ‘व्हिसाची १०० टक्के खात्री’ असा स्टँडी, आत देशोदेशीचे झेंडे. सर (प्रकरण चालू आहे, नाव घेत नाही) बोलायला लागले ते थेट गडकरी रंगायतनमधल्या प्रयोगांवरून. मग विष्णुदास भावे नाट्यगृह, राज्य नाट्य स्पर्धा, हल्लीच्या एकांकिकांमध्ये लाइट्सचा कसा अतिरेक होतो वगैरे. बाबा खूश. माझं एका स्पर्धेतलं काम त्यांनी पाहिलं होतं म्हणे, आणि कोणत्या प्रसंगात टाळी पडली तेही त्यांनी बरोबर सांगितलं. मग म्हणाले, “साहेब, अल्काझी कुठे शिकले? लंडनला, राडामध्ये.”

हेही खरंच आहे. इब्राहिम अल्काझी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्टमध्ये (म्हणजेच राडामध्ये) शिकले आणि १९६२ ते १९७७ या काळात दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे (एनएसडीचे) संचालक होते. सरांच्या बोलण्यातल्या दहापैकी आठ गोष्टी अशाच खऱ्या असायच्या. उरलेल्या दोन पैशांबद्दलच्या असायच्या.

पैसे टप्प्याटप्प्याने गेले. आधी ३५ हजार नोंदणीचे, मग ६० हजार ‘ऑडिशन फी’चे आणि शेवटी १ लाख ८० हजार ‘सीट कन्फर्मेशन’चे. मोठी रक्कम एकदम मागितली असती तर बाबांनी चार ठिकाणी चौकशी केली असती. इथे प्रत्येक हप्त्याआधी हातात काहीतरी पडत होतं, त्यामुळे काम पुढे सरकतंय असंच वाटायचं.

नोंदणीनंतर पडलं ते एक पत्र. लंडनच्या एका नावाजलेल्या नाट्यशाळेकडून माझ्या स्वतःच्या ईमेलवर आलेलं. मी पत्ता नीट तपासला, शेवटी ‘डॉट एसी डॉट यूके’ होतं. हा पत्ता ब्रिटनमध्ये उच्च शिक्षण आणि संशोधनाच्या मान्य संस्थांनाच मिळतो, कुणीही उठून विकत घेऊ शकत नाही. वर शाळेचं नाव, खाली माझं नाव, पासपोर्टवर आहे तसंच स्पेलिंग. घरी आईने देवापुढे साखर ठेवली.

ते पत्र अगदी खरं होतं. फक्त ते उन्हाळी कोर्सचं होतं.

लंडनच्या नामांकित नाट्यशाळा उन्हाळ्यात काही आठवड्यांचे छोटे कोर्स चालवतात. त्यातल्या बऱ्याच कोर्सना ऑडिशन लागत नाही. वय बसत असेल आणि पैसे भरले की जागा मिळते. कोर्स चांगले असतात, त्यात फसवणूक काही नाही, पण त्यातून पदवीला प्रवेश मिळत नाही. सरांनी माझ्या नावाने त्यातला एक बुक केला, आगाऊ रक्कम भरली (आमच्याच पैशातून, आणि त्यातला थोडाच भाग) आणि आम्हाला सांगितलं, “हे फाउंडेशन. हे झालं की बीए अ‍ॅक्टिंगला थेट एंट्री. फक्त ऑडिशनची फॉर्मॅलिटी.” पत्रात ‘शॉर्ट कोर्स’ लिहिलेलं होतंच. ते त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं आणि वर हा अर्थ चिकटवला.

आता ऑडिशनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नाटक करणाऱ्याला खोटेपणा तिथेच दिसू शकतो.

ती ऑनलाइन झाली, त्यांच्याच ऑफिसातल्या सेमिनार रूममध्ये, त्यांच्याच लॅपटॉपवर. जानेवारीचा महिना, सकाळचे ११. मी ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधलं व्हायोलाचं अंगठीचं स्वगत आणि एक आधुनिक उतारा तयार केला होता. स्क्रीनवर दोघे जण. एकाचा कॅमेरा बंद, दुसरे गृहस्थ ब्लेझर घातलेले, मागे पडदा आणि पडद्यावर छान तिरकं ऊन. मी दोन्ही उतारे सलग केले. ते म्हणाले, “एक्सलंट. वंडरफुल इमोशन.” संपलं.

मला ते तेव्हाच विचित्र वाटलं. कॉलेजच्या तालमीत आमचा दिग्दर्शक पहिल्या वाक्यालाच थांबवायचा. “कुणाला सांगतेयस? काय हवंय तिच्याकडून? परत.” या दोघांनी एकदाही थांबवलं नाही. खऱ्या ऑडिशनमध्ये पाठांतर आणि डोळ्यांतलं पाणी एवढंच बघत नाहीत. तेच स्वगत आता मैत्रिणीला गुपित सांगितल्यासारखं कर, आता बसून कर, असं सांगून बघतात, कारण सूचना दिल्यावर नट बदलतो का, हे त्यांना पाहायचं असतं. तीन वर्षं ज्याला शिकवायचं त्याला शिकवता येतंय की नाही, एवढं तर कुणीही तपासणारच. सरांना विचारलं तर म्हणाले, “तू पहिल्याच फटक्यात जिंकलंस, मग थांबवतील कशाला?” आता असं कौतुक कुठली नटी नाकारेल!

उन्हाची गोष्ट नंतर लक्षात आली. जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. आपल्याकडे ११ वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे साडेपाच, आणि जानेवारीत तिथे सूर्य उगवतो आठच्या सुमारास. ब्लेझरवाल्या प्रोफेसरांच्या पडद्यावरचं ऊन लंडनचं असणं शक्यच नव्हतं.

ऑडिशननंतर दुसरं पत्र आलं, बीए अ‍ॅक्टिंगच्या ऑफरचं. कागद, शिक्का, शैली पहिल्या पत्रासारखीच, कारण पहिलं पत्र नमुना म्हणून त्यांच्या हातात होतंच. ईमेलचा पत्ता मात्र वेगळा. शाळेचं नाव, मग आडवी रेघ, मग ‘एसी’, परत रेघ, ‘यूके’ आणि शेवटी डॉट कॉम. मोबाइलवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. नावावर बोट ठेवल्याशिवाय पूर्ण पत्ता दिसत नाही. एकदा खरा पत्ता तपासलेला असला की दुसऱ्यांदा कोण बोट ठेवतंय? पहिल्या खऱ्या पत्राचं काम तेच होतं.

हे सगळं उघडकीला आलं ते नौपाड्यातल्या बँकेत. शैक्षणिक कर्जासाठी गेलो होतो. कर्ज विभागातल्या मॅडमनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि पैसे कुठल्या खात्यात भरले ते विचारलं. आम्ही पावत्या काढल्या. खातं सरांच्या फर्मचं, शाखा कोपरखैरण्याची. मॅडम म्हणाल्या, “परदेशातल्या शाळेची फी आम्ही थेट शाळेच्या खात्यावर पाठवतो. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरून घेतो, पैसे कशासाठी चाललेत त्याचा कोड टाकतो. तुमचे हे पैसे लंडनला गेलेलेच नाहीत, खाडीसुद्धा ओलांडली नाहीये त्यांनी.” मग पावत्यांवर काय छापलंय ते त्यांनी मोठ्याने वाचलं. ६० हजारांच्या पावतीवर लिहिलं होतं: ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट वर्कशॉप’. १ लाख ८० हजारांच्या पावतीवर: ‘करिअर समुपदेशन शुल्क, नॉन-रिफंडेबल’. ऑडिशन, सीट, लंडन यांतला एक शब्दही कुठे नाही.

त्याच संध्याकाळी मी शाळेच्या अधिकृत साइटवरून प्रवेश विभागाचा पत्ता घेतला आणि दोन्ही पत्रं जोडून मेल केला. (आलेल्या मेलला रिप्लाय करून चौकशी करू नका, तो मेल त्याच माणसाकडे जातो.) उत्तर आलं: उन्हाळी कोर्समध्ये तुमचं नाव आहे, पदवीसाठी तुमचा अर्ज आलेला नाही, तुमची ऑडिशन आम्ही घेतलेली नाही, दुसरं पत्र आमचं नाही.

खरी पद्धत तशी अवघड नाही. राडा, लॅम्डा, गिल्डहॉल यांसारख्या शाळांना स्वतः अर्ज करायचा असतो, मधल्या माणसाची गरज नसते. ऑडिशन फी असलीच तर ती शाळेच्या साइटवर छापलेली असते, शाळेलाच भरायची असते, आणि ६० हजार वगैरे तर नसतेच. साधारणपणे दोन परस्परविरोधी स्वगतं मागतात, एक शेक्सपिअर किंवा त्याच्या काळातलं, एक आधुनिक. पुढे एकाहून जास्त फेऱ्या होतात. अभिनयाऐवजी विद्यापीठात नाट्यशास्त्राची पदवी हवी असेल (ब्रिस्टल विद्यापीठाने १९४७ मध्ये ब्रिटनमधला पहिला नाट्य विभाग काढला, आता असे विभाग भरपूर आहेत) तर अर्ज यूकास या सामाईक पोर्टलवर घरबसल्या करता येतो. एजंटच हवा असेल तर बरीचशी विद्यापीठं भारतातल्या आपल्या अधिकृत प्रतिनिधींची यादी साइटवर देतात. त्यांना कमिशन सहसा विद्यापीठच देतं.

व्हिसावरूनही ओळखता येतं. सहा महिन्यांपर्यंतचा छोटा कोर्स व्हिजिटर व्हिसावर करता येतो. पदवीसाठी स्टुडंट व्हिसा लागतो आणि त्यासाठी शाळेकडून कॅस, म्हणजे प्रवेश पक्का असल्याची नोंद, मिळावा लागतो. हा कॅस म्हणजे १४ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, शाळा तो सरकारी यंत्रणेत नोंदवते. सरांनी आम्हाला ‘कॅस सर्टिफिकेट’ म्हणून सोनेरी किनारीचा कागद दाखवला होता. कॅस देण्याचा परवाना कुठल्या संस्थांना आहे त्याची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर कुणालाही बघता येते. पण शाळा त्या यादीत असली म्हणजे तुमच्या हातातलं पत्र खरं ठरत नाही. आमचीही शाळा यादीत होतीच.

एका गोष्टीत आम्ही थोडक्यात वाचलो. व्हिसासाठी फी आणि राहण्याचा खर्च मिळून ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. सर म्हणाले होते, “फंड आम्ही दाखवतो, तुम्ही फक्त सह्या करा, पावणेदोन टक्के चार्ज.” खोट्या कागदांवर व्हिसाचा अर्ज करून पकडलं गेलं तर ब्रिटनची दारं १० वर्षं बंद होऊ शकतात, आणि ती बंद होतात अर्ज करणाऱ्याला. एजंटचं नाव त्या अर्जावर नसतंच.

तक्रारीबद्दल. ठाणे आणि नवी मुंबई ही वेगवेगळी पोलिस आयुक्तालयं आहेत, त्यामुळे आम्ही राहायला ठाण्यात आणि ऑफिस वाशीत, मग जायचं कुठे, हा घोळ आमचाही झाला. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठिकाणी पाठवला जातो. ज्याला आपण चारसोवीस म्हणतो तो गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. आमच्या बाबतीत ती वेळ कधीच निघून गेली होती. शिवाय ग्राहक आयोग आहे. तिथे राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे वाशीच्या माणसाविरुद्ध ठाण्यात. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ‘नॉन-रिफंडेबल’ छापलेली पावती दाखवून सर बाबांना म्हणाले होते, “कोर्टात टिकणार नाही तुमचं.” आमच्या वकीलबाईंचं मत वेगळं पडलं. जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे परत मागता येतात, पावतीवर काहीही छापा.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही डिलीट करू नका. पावत्यांवर ऑडिशनचा उल्लेख नसला तरी सरांचा “६० के ऑडिशनचे आज टाक, स्लॉट जाईल” हा मेसेज आमच्याकडे आहे, आणि दाव्यात सगळ्यात उपयोगी पडला तो तोच. फोनवर बोलणं झालं तर लगेच “आत्ता ठरल्याप्रमाणे अमुक रक्कम अमुक कामासाठी पाठवत आहे” असा मेसेज टाका. समोरचा फक्त ‘ओके’ म्हणाला तरी पुरे.

नोटीस गेल्यावर त्यांनी ३५ हजार परत केले, ‘माणुसकी म्हणून’. उरलेल्या पैशांच्या दाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मध्यंतरी त्यांचा मेसेज आला होता: “कलाकार माणसं आपण, कोर्टकचेऱ्या कशाला? केस मागे घे, सप्टेंबर इन्टेकला तुझं प्रोसेसिंग फ्री करून देतो.” स्क्रीनशॉट काढून वकीलबाईंना पाठवला. त्या म्हणाल्या, “उत्तर देऊ नकोस, अजून लिहू दे त्यांना.”