चेहरा हवा की खेळ? बेसबॉलचा पहिला जुना फोटो लिलावात घेण्याआधी

हडसन नदीच्या काठी, न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये, इलिजियन फील्ड्स नावाचं मैदान होतं. आता तिथे इमारती आहेत, वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकराव्या रस्त्याच्या चौकात फक्त त्याची खूण उरली आहे. १९ जून १८४६ रोजी निकरबॉकर क्लब आणि न्यूयॉर्क नाइन यांचा सामना तिथे झाला, २३–१ असा एकतर्फी. होबोकनलाच सेंट जॉर्ज क्लबचं क्रिकेटही चालायचं. शेफील्डमध्ये जन्मलेला हॅरी राइट आधी त्या क्लबचा क्रिकेटपटू. पुढे त्यानेच सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज उभा केला आणि १८६९ साली तो उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ म्हणून देशभर खेळला. क्रिकेटवर वाढलेल्या मला बेसबॉलच्या जुन्या फोटोंची ओढ लागली ती याच माणसामुळे.

अलीकडे न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींपैकी दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला: पहिला फोटो घ्यायचा आहे, हाताशी तीनशे ते पाचशे डॉलर आहेत, काय घेऊ आणि कुठून घेऊ? या पैशांत खरे पर्याय दोनच. एकोणिसाव्या शतकातला, स्टुडिओत काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, किंवा विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांतला, वृत्तसंस्थेने वर्तमानपत्रांसाठी काढलेला फोटो. दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्ही मला आवडतात. तरी नवख्याने सुरुवात कुठून करावी याबद्दल माझं मत ठाम आहे.

पुठ्ठ्यावरचा फोटो

याचे दोन मुख्य आकार. पहिला कार्त-द-व्हिझित, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढा, साधारण अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली त्याचं पेटंट घेतलं आणि अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात तो घरोघरी पोहोचला. दुसरा कॅबिनेट कार्ड, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच. तो १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि शतक संपेपर्यंत टिकला. दोन्हींचा कागद बहुतेकदा अल्ब्युमिनचा असतो. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला हा कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर गुंडाळतो, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवत. रंग तपकिरी, कधी जांभळट, उजळ भागात पिवळसर.

या फोटोंत खेळ नसतो. एक्स्पोजर लांब, त्यामुळे माणसं स्थिर बसलेली किंवा उभी. फलंदाज बॅट खांद्यावर घेऊन रंगवलेल्या पडद्यासमोर थांबलेला, झेल घेणाऱ्यासमोर चेंडू दोऱ्याने टांगलेला. पण चेहरे! गिरणीत काम करणारी, रविवारचा कोट उतरवून संघाचा सदरा चढवलेली मुलं थेट तुमच्याकडे बघतात. १८६०च्या संघांच्या सदऱ्यावर छातीशी ढालीच्या आकाराचा तुकडा बटणांनी लावलेला दिसतो, १८८०च्या दशकात दोरीने आवळलेली गळपट्टी दिसते. हातमोजेही काळ सांगतात. १८९०च्या दशकात मोजे सर्रास वापरले जाऊ लागले, त्यामुळे संपूर्ण संघात एकही मोजा नसेल तर फोटो त्याआधीचा असण्याची शक्यता वाढते.

कार्ड उलटा आणि पाठीवर महसुली तिकीट चिकटवलेलं दिसलं तर जरूर थांबा. युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकी सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत फोटोंवर कर लावला होता. तिकीट अस्सल आणि मूळचंच असेल, तर तो फोटो त्या दोन वर्षांत विकला गेला. एवढी नेमकी तारीख दुसऱ्या कुठल्या खुणेवरून क्वचितच मिळते.

किंमत? ब्रुकलिन अटलांटिक्स संघाचा १८६५ सालचा कार्त-द-व्हिझित मेन राज्यात घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानात कुणाला तरी सापडला आणि २०१३ च्या लिलावात ९२,००० डॉलरला गेला. तसाच आणखी एक लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे. हे वाचून अनेक जण या छंदात येतात आणि चुकीच्या अपेक्षेने येतात. नाव माहीत असलेला संघ किंवा नाव माहीत असलेला खेळाडू तुमच्या-माझ्या आवाक्यात येत नाही. आवाक्यात येतात ते गावचे संघ, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. असे कॅबिनेट कार्ड शे-दोनशे डॉलरला मिळताना मी बघत आले आहे.

वर्तमानपत्राचा फोटो

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातात धरता येणारे, झपाट्याने शटर उघडणारे कॅमेरे आले आणि छायाचित्रकार मैदानात उतरले. न्यूयॉर्कच्या एका दैनिकात मुद्रितशोधनाचं काम करणारा चार्ल्स कॉनलन १९०४ पासून १९४२ पर्यंत खेळाडूंचे फोटो काढत राहिला. तिसऱ्या बेसवर धुळीचा लोट उडवत घसरत येणारा टाय कॉब आणि तोल गेलेला जिमी ऑस्टिन हा बेसबॉलमधला बहुधा सर्वांत ओळखीचा फोटो त्याचाच. जॉर्ज ग्रँथम बेनची वृत्तसंस्था त्याच काळातली. तिच्या काचेच्या निगेटिव्ह आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. पैसे खर्च करण्याआधी महिनाभर रोज रात्री अर्धा तास तेच पाहा. बेनचा फोटो कसा दिसतो, निगेटिव्हवर हाताने खरवडून लिहिलेलं नाव कसं उमटतं, हे डोळ्यात बसलं की पुढे फसवणं अवघड जातं.

इथे संग्राहक चार प्रकार मानतात आणि लिलावाच्या वर्णनात ते हमखास येतात. टाइप वन म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेला प्रिंट. टाइप टू मूळ निगेटिव्हवरूनच, पण नंतर केलेला. टाइप थ्री त्याच काळातला, पण नकलेच्या निगेटिव्हवरून किंवा तारेने पाठवलेल्या चित्रावरून. टाइप फोर म्हणजे नक्कल आणि तीही उशिराची. असोसिएटेड प्रेसची तारेने फोटो पाठवण्याची सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली. तेव्हापासून एकाच फोटोच्या अनेक दुय्यम प्रती देशभर तयार होऊ लागल्या. तारेच्या फोटोत बारीक आडव्या रेघा दिसतात आणि मजकूर चित्रातच आलेला असतो. तो स्वस्त असतो आणि स्वस्तच असायला हवा.

या फोटोंची खरी श्रीमंती पाठीवर. संस्थेचा शिक्का, तारखेचा शिक्का, टाइप करून चिकटवलेला मजकूर, कधी छापून आलेल्या बातमीचं कात्रण. पुढच्या बाजूला संपादकाने तेलकट पेन्सिलीने मारलेल्या चौकटी, पार्श्वभूमी झाकायला लावलेला पांढरा रंग. काही संग्राहक हे रंगकाम दोष मानतात आणि किंमत पाडतात. मला ते पटत नाही. त्या रेघेमुळेच कळतं की हा कागद कुणाच्या तरी टेबलावर, त्या रात्रीच्या आवृत्तीसाठी, घाईत हाताळला गेला. रंगकाम असलेला चांगला फोटो कमी पैशांत मिळत असेल तर सरळ घ्या.

खोटं ओळखणं कुठे सोपं?

निवड ठरवणारा मुद्दा माझ्या मते हाच आहे.

पहिल्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून गावच्या संघाचं कॅबिनेट कार्ड घेतलं. पुठ्ठा अस्सल, कडेला सोनेरी रेघ, पाठीवर स्टुडिओचं नक्षीदार नाव. घरी आणून अंधारात अतिनील दिवा धरला तर चित्र निळसर पांढरं उजळलं, पुठ्ठा मात्र काळाच राहिला. पांढरेपणा वाढवणारी रसायनं फोटोच्या कागदात १९५०च्या दशकाच्या मध्यापासून आली. म्हणजे कुणीतरी जुन्या पुठ्ठ्यावरचा एखाद्या आजी-आजोबांचा फोटो सोलून टाकून तिथे नवा कागद चिकटवला होता. पैसे परत मिळाले, पण ते दुसरं चित्र, कुणाचं तरी खरं चित्र, गेलं ते गेलंच. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवा म्हणजे पूर्ण परीक्षा नव्हे. उजळला तर नवा हे नक्की, न उजळला तर जुनाच असं नाही. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. ठिपके दिसले तर ते छापखान्यातलं चित्र, फोटो नव्हेच. विसाव्या शतकातल्या फोटोला तिरपं धरलं की काळ्या भागात, विशेषतः कडांना, चांदीसारखी चमक येते. कागदातली चांदी वर्षानुवर्षांत पृष्ठभागावर आल्याची ती खूण.

आता फरक बघा. वृत्तसंस्थेच्या फोटोत शिक्का, मजकूर, तारीख, कागद आणि चमक अशा पाच साक्षी एकमेकींशी जुळवता येतात, एक खोटी असली तर बाकीच्या बोलतात. गावच्या संघाच्या कार्डाला बहुधा एकच साक्ष असते, ती म्हणजे ते कार्ड स्वतः. वरून विक्रेता एखाद्या मिशाळ चेहऱ्याला प्रसिद्ध खेळाडूचं नाव देतो. एकोणिसाव्या शतकात मिशा सगळ्यांनाच होत्या. कानाचा आकार, केसांची रेषा जुळवल्याशिवाय आणि दुसरा ठाम पुरावा असल्याशिवाय अशा नावासाठी एक डॉलरही जास्त देऊ नका.

ईबे की लिलावगृह?

ईबेवर खरेदीदाराला वेगळं कमिशन नाही. लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, त्यामुळे खरी लढाई शेवटच्या दहा सेकंदांत. मनातली कमाल रक्कम ठरवा, शेवटी एकदाच टाका आणि उठा. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर पैसे परत मिळण्याची सोय आहे. गावचे संघ आणि अनोळखी चेहरे इथेच जास्त मिळतात, कारण घर आवरताना सापडलेली वस्तू लोक आधी इथेच टाकतात.

रॉबर्ट एडवर्ड, हेरिटेज, हंट, लव्ह ऑफ द गेम यांसारख्या लिलावगृहांत वस्तू आधी जाणकाराच्या नजरेखालून जाते, वर्णन तपशिलाने लिहिलेलं असतं. त्याची किंमत म्हणजे बोलीवर साधारण २० टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन. हिशेब मांडून दाखवते. ५०० डॉलरला बोली जिंकलात, २० टक्के धरून ६०० झाले, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरून जवळपास ६४०, टपाल वेगळं. ईबेवर तीच ५०० ची बोली करासह सुमारे ५३३ ला पडते. म्हणून लिलावगृहात बोली लावताना आकडा आधी कमिशन वजा करून ठरवा. भरात आल्यावर हे सुचत नाही.

दुसरा फरक वेळेचा. अनेक लिलावगृहांत शेवटच्या रात्री ठरावीक वेळेनंतर ज्यांनी त्या वस्तूवर आधी बोली लावली आहे तेच पुढे खेळू शकतात, आणि काही मिनिटं एकही नवी बोली आली नाही तरच लिलाव बंद होतो. त्यामुळे आवडलेल्या वस्तूवर छोटी का होईना, आधी बोली टाकून ठेवावी. पुण्याहून बोली लावणाऱ्यांना हे उलट सोयीचं. न्यूयॉर्कचे उन्हाळ्यातले रात्रीचे दहा म्हणजे तिथले सकाळचे साडेसात.

लिलावगृह म्हणजे पूर्ण सुरक्षित, असंही समजू नका. एकेकाळी या क्षेत्रात सर्वांत मोठं मानलं जाणारं मास्ट्रो ऑक्शन्स हे घर खोट्या बोली लावून किमती चढवत होतं. त्याचा मालक न्यायालयात दोषी ठरला आणि २०१५ साली त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. दुसऱ्या कुणाची बोली पाहून तुमचा आकडा वाढवू नका, ते इथेही लागू आहे.

पाठ खरवडलेली असेल तर

हे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंपुरतं, पण गंभीर आहे. जुना खेळाडू आणि क्रीडासाहित्याचा व्यापारी ए. जी. स्पॉल्डिंग याचा मोठा संग्रह १९२१ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला मिळाला. त्यातले कितीतरी फोटो आणि कागद पुढे चोरीला गेले. बोस्टन पब्लिक लायब्ररीला मॅक्ग्रीव्ही नावाच्या मद्यालयमालकाने दिलेल्या संग्रहाचंही तसंच झालं. चोरलेल्या काही वस्तू नंतर लिलावात उघड आल्या. त्यामुळे ओळखीच्या संघाचा फोटो असेल आणि पाठीवर शाई पुसल्याचा, कागद खरवडल्याचा, तुकडा फाडल्याचा डाग असेल, म्हणजे वाचनालयाचा शिक्का काढल्याची शंका येत असेल, तर विक्रेत्याला सरळ विचारा. पाठीचा फोटोच दिलेला नसेल तर मागा. देत नसेल तर सोडून द्या, किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी. सार्वजनिक वाचनालयातून गेलेली वस्तू आपल्या भिंतीवर लावायची नाही, यात मला तडजोड दिसत नाही.

मी काय घेईन

पाचशे डॉलर आणि पहिलीच खरेदी असेल तर लिलावगृहातून १९१० ते १९३० मधला एक टाइप वन फोटो, प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूचा, पाठीवर शिक्का आणि मजकूर दोन्ही असलेला. बेब रूथच्या नावाचे पैसे देऊ नका, त्याच दिवशी त्याच मैदानावर त्याच छायाचित्रकाराने काढलेला, दुसऱ्या बेसवर खेळणाऱ्या एखाद्या साध्या खेळाडूचा फोटो घ्या. तो हातात धरून महिनाभर अभ्यासा. उरलेल्या पैशांत अतिनील दिवा आणि भिंग.

पुठ्ठ्याचा फोटो सहा महिन्यांनी, ईबेवर, दीडशेच्या आत. ज्यांना एवढं थांबवत नाही त्यांच्यासाठी मधली वाट आहे, ओल्ड जज सिगारेटच्या पाकिटातली कार्डं. १८८६ ते १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ती काढली. ती छापलेली चित्रं नव्हेत, पुठ्ठ्यावर चिकटवलेले खरे फोटोच आहेत, जेमतेम दीड इंच रुंद. त्यांची यादी झालेली आहे, त्यामुळे चेहऱ्याचं नाव ठरवायची भानगड नाही. फिकट झालेली घ्यायला हरकत नाही, पण चेहरा मात्र स्पष्ट हवा.