शास्त्रज्ञांचं भाषण की होशंगाबादसारखं एकत्र शिकणं?

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शनिवारी शाळकरी मुलांसाठी शास्त्रज्ञांची व्याख्यानं होतात, ती खरंच भारी असतात, एका वेळी कितीतरी मुलं येतात आणि खऱ्या शास्त्रज्ञाला थेट प्रश्न विचारायला मिळतो. पण सोमवारी वर्गात उभे राहणारे सर-मॅडम यात फक्त ऐकणारेच.

होशंगाबाद जिल्ह्यातल्या शाळांमधला विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम वेगळा होता. १९७२ ला मध्य प्रदेशात १६ शाळांत सुरू झाला, टीआयएफआर ही मुंबईची संशोधन संस्था आणि दिल्ली युनिव्हर्सिटीतले लोक शिक्षकांसोबत बसून तेच प्रयोग स्वतः करायचे, शिक्षक म्हणाले की हे वर्गात जमत नाही तर धडाच बदलायचे, परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून! टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांचे, काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून आकार बनवायचे खेळ तिथलेच, चौकोन दाबला की लगेच वाकडा होतो, त्रिकोण हलत नाही, मुलाला हातालाच कळतं.

हे वेळखाऊ आहे हे मान्य, आणि सरकारच्या मर्जीवर चालतं, २००२ ला बंदच केलं राव, अजून वाईट वाटतं. तरी माझं मत दुसऱ्यालाच. भाषणं बंद करा असं नाही म्हणत मी, फक्त त्याच दिवशी दुपारी शास्त्रज्ञांनी शिक्षकांसोबत दोन तास प्रयोगाला बसावं.