उद्घाटनाला हाँग सांग-सू: ‘द वुमन हू रॅन’

महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी कोणता चित्रपट दाखवायचा, हे आयोजक बहुधा पाहुण्यांकडे बघून ठरवतात. त्या दिवशी प्रायोजक येतात, निमंत्रित येतात, एरवी महोत्सवाकडे न फिरकणारी मंडळीही येतात आणि त्यांच्यापैकी कोणी मध्येच उठून जाऊ नये म्हणून ओळखीच्या चेहऱ्यांचा, ठसठशीत कथानकाचा आणि हमखास टाळ्या घेणारा चित्रपट निवडण्याकडे कल असतो. या छोट्या महोत्सवाने ती वाट सोडून दक्षिण कोरियाचे हाँग सांग-सू यांचा २०२० सालचा ‘द वुमन हू रॅन’ उद्घाटनाला ठेवला. अवघ्या ७७ मिनिटांच्या या चित्रपटात एकही मारामारी, मृत्यू किंवा मोठा खुलासा नाही. तरीही निवड अचूक होती, असे माझे मत आहे. पुढचे चित्रपट कसे पाहायचे याची सवय तो प्रेक्षकाला पहिल्याच दिवशी लावून टाकतो.

हाँग यांचा पहिला चित्रपट १९९६ साली आला आणि तेव्हापासून सरासरी वर्षाला एक, काही वर्षी दोन अशा वेगाने ते काम करत आले आहेत. अगदी मोजक्या माणसांचा चमू, खरीखुरी घरे आणि उपाहारगृहे, चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी लिहून नटांच्या हाती दिलेले संवाद, अशी त्यांची पद्धत सर्वश्रुत आहे. या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि संगीतही त्यांचेच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ने चार ऑस्कर जिंकले आणि कोरियन सिनेमा म्हणजे काय, याविषयी जगभर एक ठरावीक अपेक्षा तयार झाली, त्याच महिन्याच्या अखेरीस बर्लिन महोत्सवात हाँग यांना या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे ‘रौप्य अस्वल’ पारितोषिक मिळाले. एकाच देशातले हे दोन सिनेमे एकमेकांपासून किती दूर आहेत, हे ज्यांना पडताळायचे असेल त्यांनी दोन्ही लागोपाठ पाहावेत.

गोष्ट सांगायची तर चार ओळींत संपते. गाम-ही (किम मिन-ही) नावाची फुलांचे दुकान चालवणारी तरुणी, नवरा कामानिमित्त बाहेरगावी गेला असताना, तीन मैत्रिणींना भेटते. पहिली यंग-सून (सो यंग-ह्वा) घटस्फोटित असून आपल्या सोबतिणीबरोबर शहराबाहेर राहते, भाजीपाला लावते. दुसरी सु-यंग (सोंग सन-मी) पिलाटेस हा व्यायामप्रकार शिकवते, तिने पैसे साठवून चांगले घर मिळवले आहे आणि वरच्या मजल्यावरचा वास्तुविशारद तिला आवडतो आहे. तिसरी वू-जिन (किम से-ब्योक) एका छोट्या चित्रपटगृहात योगायोगाने भेटते. तिने गाम-हीच्या पूर्वीच्या प्रियकराशी लग्न केले आहे. प्रत्येक भेटीत खाणे होते, कधी सफरचंद सोलले जाते, गप्पा होतात आणि प्रत्येक भेटीत एखादा पुरुष येऊन त्या गप्पांत खडा टाकतो.

यातला पहिला प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. शेजारी नव्याने राहायला आलेला गृहस्थ दारात उभा राहून, भटक्या मांजरांना खायला घालू नका, माझी बायको त्यांना घाबरते, अशी विनंती करतो. कॅमेऱ्याकडे त्याची पाठ आहे, त्यामुळे त्याचा चेहरा आपल्याला नीट दिसतच नाही. दिसतात त्या दारातल्या बायका. त्याचे म्हणणे अवाजवी नाही आणि मांजरे आम्हाला पोटच्या मुलांसारखी आहेत हे त्यांचे म्हणणेही अवाजवी नाही. कोणाचाही आवाज चढत नाही, उलट दोन्ही बाजू क्षणाक्षणाला अधिकाधिक नम्र होत जातात आणि त्या नम्रतेतूनच कळते की इथे कोणीही तसूभर हलणार नाही. शेवटी गृहस्थ निघून जातो आणि हाँग यांचा सुप्रसिद्ध, किंचित ओबडधोबड झूम खाली बिनघोर बसलेल्या मांजरावर जातो. सगळे प्रेक्षागृह एकदम हसले. तोवर खुर्चीत चुळबुळ करणारे माझ्या रांगेतले लोकही त्यानंतर स्थिरावले. अन्य दिग्दर्शकाने हा झूम संकलनात काढून टाकला असता. हाँग यांच्याकडे तो मिश्कील शेऱ्यासारखा येतो आणि आधीचा सगळा वाद आपण कोणाच्या वतीने ऐकत होतो, असा प्रश्न टाकून जातो.

चित्रपटाचा गाभा मात्र पुनरुक्तीत आहे. पाच वर्षांत आम्ही एक दिवसही वेगळे राहिलेलो नाही, प्रेमात असलेल्यांनी कायम एकत्रच असावे असे नवऱ्याचे म्हणणे आहे, हे गाम-ही तिन्ही ठिकाणी जवळपास त्याच शब्दांत सांगते. पहिल्यांदा ते कौतुकाचे वाटते. दुसऱ्यांदा ऐकताना आपण तिच्या चेहऱ्याकडे बघू लागतो. तिसऱ्या भेटीत वू-जिन आपल्या नामवंत लेखक नवऱ्याविषयी तक्रार करते, की तो सगळीकडे त्याच त्या गोष्टी सांगत फिरतो आणि माणूस तेच ते बोलत राहिला तर त्याच्या बोलण्यात खरेपणा कसा उरेल? ती बोलते नवऱ्याविषयी, पण घाव बसतो तो समोर बसलेल्या मैत्रिणीच्या पाच वर्षांवर. यावर गाम-ही काही बोलत नाही, संगीतही आपल्याला काही सुचवत नाही आणि किम मिन-ही यांनी चेहऱ्यावर जेमतेम एक सावली येऊ दिली आहे. ती सुखी आहे की घरातून निघून आली आहे, याचा निवाडा हाँग शेवटपर्यंत करत नाहीत. नवरा पडद्यावर कधी येतच नाही.

हाँग यांचे जुने चित्रपट पाहिलेल्यांना इथे एक फरक जाणवेल. सोजू या कोरियन दारूच्या हिरव्या बाटल्यांनी भरलेली टेबले, दारूच्या भरात स्वतःची शोभा करून घेणारे दिग्दर्शक आणि प्राध्यापक, ही त्यांची नेहमीची जत्रा या वेळी कडेला सरली आहे. बायका आपापसांत बोलताना ऐकणे हाच इथला मुख्य आनंद आहे आणि पुरुष आले की तो आनंद थोडा मोडतो, हे दिग्दर्शकाने स्वतःच्या आजवरच्या नायकांवर केलेले भाष्य म्हणूनही वाचता येते.

सगळेच जमले आहे असे मात्र नाही. सु-यंगच्या दारात येऊन अडून बसणाऱ्या तरुण कवीचा प्रसंग मांजरांच्या प्रसंगापुढे पातळ वाटतो; तिथे एकाच बाजूने चिडणे आहे, त्यामुळे ताण लवकर संपतो. जुन्या प्रियकराशी (क्वोन हे-ह्यो) होणारी भेटही इतकी तुटक आहे की ज्याने हाँग यांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्याला या दोघांमधला इतिहास पुरेसा जाणवणार नाही. बाहेर पडताना ‘पण झाले काय?’ असे विचारणारे दोघे-तिघे मला भेटले आणि त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता.

आयोजनाविषयी दोन शब्द. ७७ मिनिटांच्या चित्रपटाआधीची भाषणे आवरती घ्यायला हवी होती. त्यांच्यात दिग्दर्शकाचे नाव जितक्या वेळा आले, त्याहून अधिक वेळा प्रायोजकांचे आले. प्रक्षेपण स्वच्छ होते, पण पांढऱ्या अक्षरांतली सबटायटल्स उजळ दृश्यांत विरून जात होती आणि संवादांवरच उभ्या असलेल्या चित्रपटात हा दोष लहान म्हणता येत नाही. पुन्हा कुठे प्रदर्शन ठेवले गेले तर मागच्या रांगांत बसू नये असे सुचवीन, कारण दोन महत्त्वाच्या क्षणी गाम-ही घरातल्या सुरक्षा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बाहेरच्या माणसांना पाहत असते आणि त्या पडद्यातले धूसर हावभाव लांबून मुळीच टिपता येत नाहीत.