मायदेशी येताना: ओसीआय कार्ड की ई-पर्यटक व्हिसा?

स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, त्यामुळे जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. तो परत करून तसा दाखला घ्यावा लागतो. त्यानंतर निवड उरते ती ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) आणि ई-पर्यटक व्हिसा यांतली.

ई-व्हिसाचा अर्ज घरबसल्या करता येतो आणि एखाद्या लग्नकार्यापुरते यायचे असेल तर तो पुरेसा आहे. मात्र त्याला मुदत असते आणि मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादाही असते.

ओसीआय आजीवन चालते, कितीही वेळा येता येते, आणि मुक्काम लांबला तरी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागत नाही. ज्यांचे आईवडील पुण्यात, कोल्हापुरात किंवा मडगावात थकत चालले आहेत, त्यांनी कागदपत्रांचा खटाटोप एकदाच सोसून ओसीआयच घ्यावे, असे मला मनापासून वाटते. घरून दुखण्याची बातमी आल्यावर व्हिसाची वाट पाहणे फार जड जाते. तरीही हे दुहेरी नागरिकत्व नव्हे: मतदानाचा हक्क मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारशाने मिळू शकते), आणि पत्रकारिता किंवा संशोधनासाठी विशेष परवानगी लागते. वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी कार्ड घेतलेल्यांनी, वीस पूर्ण झाल्यानंतरचा पहिला नवा पासपोर्ट मिळाल्यावर कार्ड एकदा पुन्हा काढावे. प्रवासात वैध परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड ही दोन्ही जवळ ठेवावीत.