आरोल्सन अभिलेखागाराची शोधसेवा: फोंड्यातून घेतलेला अनुभव

माझी आजी, म्हणजे आईची आई, व्हिएन्नाची ज्यू होती. १९३९ मध्ये ती बोटीने मुंबईत आली, एका मराठी डॉक्टरांशी तिने लग्न केले आणि माहेराविषयी जन्मभर अवाक्षर काढले नाही. विशेष मुलांच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर फोंड्याच्या घरी बसून मी तिचे माहेर शोधू लागले. आधी वंशावळींच्या एका सशुल्क संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली. तेथे अनोळखी लोकांनी ऐकीव माहितीवर रचलेल्या वंशावळींपलीकडे काही हाती लागले नाही.

मग जर्मनीतील बाड आरोल्सन येथील अभिलेखागाराकडे वळले. नाझी राजवटीच्या बळींची आणि त्यातून वाचलेल्यांची मिळून सुमारे पावणेदोन कोटी माणसांची माहिती तेथे आहे, २०१३ पासून हा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहे, आणि शोध घेण्यास एक पैसाही पडत नाही.

आडनावाचे स्पेलिंग तीन तऱ्हांनी घालून पाहिल्यावर आईच्या मामांचे बुखेनवाल्ड छावणीतील कार्ड पडद्यावर आले. छावणीत शिरताना काढून घेतलेल्या वस्तूंचे ते कार्ड होते: टोपी, कोट, बूट असे छापील शब्द, त्यांपुढे हाताने लिहिलेले आकडे आणि तळाशी मामांची सही. मला जर्मन येत नाही, परंतु तेथील ‘ई-गाइड’ अशा कार्डाचा नमुना समोर ठेवते आणि आपण ज्या रकान्यावर टिचकी मारू तेवढ्याचाच अर्थ उलगडून सांगते. एका वेळी एकच गोष्ट, तीही चित्रावर बोट ठेवून, हे मी वर्गात तीस वर्षे केले. त्यामुळे हे साधन घडवणाऱ्यांत कुणी आमच्या पेशातले असावे, अशी मला दाट शंका आहे.

पणजी-पणजोबांची नावे मात्र केवळ ज्यूंना हद्दपार करणाऱ्या एका आगगाडीच्या यादीत सापडली. १९४२ मध्ये ती गाडी व्हिएन्नाहून बेलारूसमधील मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला गेली. तेथे उतरवलेल्या जवळजवळ सर्वांना लगेच ठार करण्यात आले, त्यामुळे त्यांची छावणीतील कार्डे कधी तयारच झाली नाहीत. हा सेवेचा दोष नव्हे, पण शोधणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी.

कार्डाची मागची बाजू वेगळ्या चित्रात असते, तीही उघडून पाहावी. मामांचे पुढे काय झाले, हे विचारणारा अर्ज मी भरला आहे. उत्तराला काही महिने लागू शकतात. ते आले की येथे भर घालीन.